पुणे-नाशिक रेल्वेला जीएमआरटीचा आक्षेप का? भानगड एका बारीक 'रेषे'ची

पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेची मूळ आखणी सुमारे २३५ किलोमीटरची होती. चाकण, मंचर, नारायणगाव, संगमनेर असा तो मार्ग. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीला अडथळा येईल म्हणून ही आखणी बाजूला पडली आणि शिर्डीमार्गे जाणारा मार्ग पुढे आला. तेव्हापासून जुन्नर आणि आंबेगावात एकच प्रश्न विचारला जातोय: जमिनीवरून धावणाऱ्या गाडीने आकाश बघणाऱ्या दुर्बिणीचं असं काय बिघडणार आहे?

आधी 'रेषा' म्हणजे काय?

खगोलशास्त्रज्ञ ताऱ्यांचे नुसते फोटो काढत नाहीत. आलेल्या लहरी ते वारंवारितेनुसार वेगळ्या करतात. एखाद्या ठिकाणी अचानक उंचवटा दिसला, तर ती वर्णरेषा. हायड्रोजनची अशी रेषा १४२० मेगाहर्ट्झवर असते. विश्व प्रसरण पावत असल्याने लांबून येताना ती खाली सरकते. जानेवारी २०२३ मध्ये अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी जीएमआरटीच्या मदतीने ८८० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकेतला हायड्रोजन टिपल्याचं जाहीर केलं, तेव्हा ही रेषा ६२० मेगाहर्ट्झच्या आसपास होती.

पण उंचवटा दिसला म्हणजे रेषा सापडली, असं होत नाही. यंत्रात कायम गोंगाट असतो आणि तो स्वतःहूनही उंचवटे तयार करतो. एक नाणं दहा वेळा उडवून दहाही वेळा छापा पडण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. पण हजार मुलांना नाणी उडवायला लावली, तर एखाद्याला ते जमण्याची बरीच शक्यता असते. त्याच्या हातात जादू नाही, मुलं जास्त आहेत! तसंच इथे. 'थ्री सिग्मा' इतका फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता साधारण ३७० मध्ये एक. हजार वारंवारिता तपासल्या तर अशा दोन-तीन खोट्या रेषा सहज मिळतील. त्यामुळे किती ठिकाणी शोधलं, हेही हिशेबात धरावं लागतं.

गॅमा किरण स्फोटांचा धडा

हा वाद सर्वात जास्त रंगला तो गॅमा किरण स्फोटांवरून. १९८८ मध्ये जपानच्या 'गिंगा' उपग्रहाच्या नोंदींत अशा रेषा दिसल्याचा दावा झाला. १९९१ पासून नासाच्या 'बॅटसे' उपकरणाने हजारो स्फोट नोंदवले, तरी ठोस पुष्टी मिळाली नाही.

मग ९ ऑक्टोबर २०२२ ला आजवरचा सर्वात तेजस्वी स्फोट नोंदवला गेला. २०२४ मध्ये मारिया रावासिओ आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये त्यातली एक रेषा मांडली. ती १२ वरून ६ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत सरकत गेली होती. हा नुसता गोंगाट असण्याची शक्यता ५० कोटींत एकाहून कमी, असं त्यांचं म्हणणं. मात्र स्फोट ऐन भरात असताना फर्मी उपग्रहाचं उपकरण प्रकाशाने भांबावलं होतं. तो भाग त्यांनी वगळला आणि पुढच्या, शांत होत गेलेल्या सेकंदांतच रेषा शोधली.

हे वगळणं महत्त्वाचं. कारण सिग्माचं गणित फक्त योगायोगाने होणाऱ्या गोंगाटाला लागू पडतं. यंत्रच बिघडलेला आकडा देत असेल, तर ५० कोटींत एकलाही अर्थ उरत नाही.

आता रेल्वेकडे

जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. विजेवरच्या गाडीचा पँटोग्राफ आणि वरची तार यांच्यात ठिणग्या उडतात आणि प्रत्येक ठिणगीतून रेडिओ लहरी निघतात. शिवाय गाडीतली संपर्कयंत्रणा, प्रवाशांचे मोबाईल. यातला बराचसा गोंगाट योगायोगाचा नाही. तो रोज, ठरल्या वेळी, ठरल्या वारंवारितांवर येऊ शकतो. निरीक्षणाचे तास वाढवले की साधा गोंगाट सरासरीत विरतो, हा मात्र साचत जातो आणि खऱ्या रेषेसारखा दिसू लागतो. दूषित भाग कापता येतो, पण नेमकी रेषा त्याच भागात असेल तर तीही कापली जाते.

म्हणजे आक्षेपात दम आहे. पण म्हणून मंचर-नारायणगावच्या शेतकऱ्याचं आणि नोकरीसाठी रोज चाकण गाठणाऱ्या तरुणाचं नुकसान कमी होत नाही. बोगदा, मार्गाला थोडा वळसा, अँटेनांजवळ झाकलेला रुळमार्ग, अशा प्रत्येक पर्यायात किती गोंगाट उरेल, हे मोजता येण्यासारखं आहे. ते आकडे मराठीत, दोन्ही तालुक्यांतल्या लोकांसमोर ठेवायला हवेत.