पेढी आणि पाठ

कीर्द-खतावणी लिहिणाऱ्यांची पाठदुखी जुनीच आहे. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७१३ साली लेखनिकांच्या व्याधींची कारणे नोंदविली: अखंड बैठक, हाताची एकसारखी हालचाल आणि मनावरील ताण. संगणक आला तरी ती कायम आहेत. पाठीला आधार, डोळ्यांच्या पातळीत पडदा आणि अर्ध्या तासाने उठणे हितावह.

गोदामात मात्र एवढ्याने भागत नाही. अमेरिकेतील शासकीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या सूत्रानुसार अनुकूल स्थितीतही एकाने २३ किलोंपर्यंतच उचलावे. पोते असते ५० किलोंचे. गुडघे वाकवून, ओझे छातीशी धरूनही ही तफावत मिटत नाही. हमालाची पाठ गेली की त्याच्या घरची चूल अडते. म्हणून त्याला उचलण्याची रीत शिकविताना मालकाने हातगाडी आणि लहान पोती यांचीही सोय करावी.