चकमा निर्वासित आणि आपले कर्तव्य



वंदनेच्या शेवटी आपण सर्व प्राणिमात्रांच्या मंगलाची कामना करतो. ती केवळ ओठांवर राहू द्यावयाची नसेल, तर भारताच्या ईशान्य टोकाला साठ वर्षांहून अधिक काळ परके म्हणून जगणाऱ्या चकमा बांधवांची हकीकत आपण जाणून घेतली पाहिजे.

चकमा हे चितगावच्या डोंगरी मुलखातील पिढीजात बौद्ध होत. तो मुलूख पूर्व पाकिस्तानात असताना, १९६२ साली, कर्णफुली नदीवर कापताईचे धरण पुरे झाले. सुमारे ५४ हजार एकर लागवडीची जमीन पाण्याखाली गेली व सुमारे १ लाख माणसे देशोधडीला लागली. १९६४ पासून त्यांतील हजारो लोक भारतात आले. भारत सरकारनेच त्यांना त्या वेळच्या नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचल प्रदेशात, नेऊन वसविले. ते चोरवाटेने तेथे शिरलेले नाहीत, हे ध्यानात ठेवा.

पुढे काय झाले? नागरिकत्वासाठी त्यांनी केलेले अर्ज जिल्ह्याच्या कचेरीतच अडून राहिले, दिल्लीपर्यंत पोहोचलेच नाहीत. 'चालते व्हा' अशा धमक्या मात्र पोहोचल्या. अखेर राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १९९६ साली न्यायालयाने निर्णय दिला की, घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाचे संरक्षण नागरिकालाच नव्हे, तर या भूमीवरील प्रत्येक व्यक्तीला आहे. २०१५ साली त्याच न्यायालयाने नागरिकत्वाचा प्रश्न तीन महिन्यांत निकालात काढण्यास सांगितले. तरीही हा प्रश्न सुटलेला नाही. १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेले मूल कायद्याने जन्मतःच नागरिक ठरते. पण त्यांतील सुमारे दीड हजारांना मतदान करावयास २००४ साल उजाडावे लागले!

या दिरंगाईचे मूळ कोठे आहे? निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही, आणि देशात निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही नाही. मग एकाला आश्रय, दुसऱ्याला हद्दपारी, हे त्या त्या सरकारच्या मर्जीवर ठरते. ज्या हक्काला कायद्याचा आधार नाही तो हक्क नव्हे, ती मेहेरबानी होय.

दुसरी बाजूही न्यायबुद्धीने पाहा. अरुणाचलचे आदिवासी संख्येने थोडे आहेत. १८७३ च्या नियमाने आलेली 'इनर लाइन' त्यांच्या भूमीचे रक्षण करते. आपली जमीन जाईल ही त्यांची भीती खोटी नाही. म्हणून नागरिकत्व द्यावे, आदिवासींच्या जमिनीचे संरक्षण अबाधित ठेवावे, आणि वसाहतीचा भार इतर राज्यांनीही उचलावा, असे आमचे मत आहे. हे अशक्य नाही. आपल्याच गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडाजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून नांदत आहे.

बंधुभगिनींनो, हा प्रश्न आपल्याला परका नाही. फाळणीनंतर पाकिस्तानात अडकलेल्या अस्पृश्यांना, सफाईची कामे कोण करणार म्हणून, भारतात येऊ दिले जात नव्हते. त्यांच्या सुटकेसाठी परमपूज्य बाबासाहेबांनी १९४७ च्या डिसेंबरात पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. कोणाला बळाने हाकलतात, तर कोणाला बळाने अडकवून ठेवतात. दोन्हीकडे माणसाचे माणूसपण नाकारलेले असते. आणि कागदावरच्या एका शब्दाची किंमत आपण स्वतः मोजलेली आहे. धम्म स्वीकारताच आपल्या वडीलधाऱ्यांच्या केंद्रीय सवलती गेल्या, त्या परत मिळण्यास १९९० साल यावे लागले.

परंतु एक इशारा देणे अवश्य आहे. चकमा बौद्ध आहेत एवढ्याचसाठी त्यांची बाजू घ्याल, तर ते धम्माला धरून होणार नाही. त्यांच्यासोबत आलेले हाजोंग हिंदू आहेत. रोहिंग्या मुसलमान आहेत, आणि त्यांना ज्या म्यानमारने हाकलले तेथील बहुसंख्य लोक बौद्ध आहेत, हे सत्य आपण लपवू नये. करुणा जात व धर्म विचारून द्यावयाची वस्तू नव्हे.

म्हणून विहारातील सभेत हा विषय काढा. आपल्या लोकप्रतिनिधींस पत्र लिहून निर्वासितांसाठी सर्वांना सारखा लागू होणारा कायदा मागा. आणि तुमच्या वस्तीत पोटासाठी परप्रांतातून आलेल्या कुटुंबास पाणी भरताना कोणी मागे ढकलीत असेल, तर प्रथम तेथे उभे राहा. पाणवठ्यावरून हाकलले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.