गुणांचा तक्ता आणि माहुलीचा डोंगर

वारसा कसा जपावा, याची चर्चा आपल्याकडे उदंड होते. वारसा कोणता हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न मात्र मागे राहतो. आमचा आक्षेप या क्रमालाच आहे.

वाशिंद परिसरातून दिसणारा माहुलीचा डोंगर घ्या. १६३६ मध्ये निजामशाहीच्या बालवारसाला घेऊन शहाजीराजांनी अखेरचा प्रतिकार केला तो याच गडावर. १६६५ च्या पुरंदरच्या तहात गड गेला, १६७० मध्ये परत आला. हाच डोंगर तानसा अभयारण्याचाही भाग आहे. इतिहासकाराला तो किल्ला दिसतो, वनखात्याला राखीव रान. पायथ्याच्या पाड्यांवरील ठाकर-कातकऱ्यांना मात्र तेथेच रानभाजी, सरपण आणि देव भेटतो.

अशा ठिकाणी तज्ज्ञांची रूढ पद्धत अशी : निकष ठरवायचे, प्रत्येकाला भारांक द्यायचा, गुण मांडायचे आणि बेरीज करायची. बेरीज निर्विकार असते, भारांक नसतो. पुरातत्त्वाला चाळीस आणि देवाला पाच, हे गणित नव्हे, तो मूल्यनिर्णय आहे. अभ्यासमंडळात बसणाऱ्या साहित्याच्या अध्यापकांना हे निराळे सांगायला नको. पाठ्यपुस्तकात कोण येतो आणि लोककथा 'पूरक वाचना'त का ढकलली जाते, हे आपण जाणतोच.

पश्चिम घाटाच्या बाबतीत हेच घडले. गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात क्षेत्रमर्यादा आणि व्यवस्थापन ग्रामसभांपर्यंत नेऊन ठरवावे, असा आग्रह धरला. कस्तुरीरंगन गटाने २०१३ मध्ये उपग्रहचित्रांच्या आधारे 'नैसर्गिक' आणि 'सांस्कृतिक' अशी भूप्रदेशाची वाटणी केली व सुमारे ३७ टक्के क्षेत्र संवेदनशील ठरवले. मग देवराई कोणत्या रकान्यात घालायची? ती रान म्हणून टिकली, कारण ती देवाची होती. निसर्ग आणि संस्कृती यांची फारकत उपग्रहाला जमते, देवराईला जमत नाही.

यावर ठरलेले उत्तर असे की, गावकऱ्यांवर सोपवले तर तेच जमिनी विकतील. काही विकतीलही. पण धरणे, महामार्ग आणि खाणी यांचे निर्णय कोणत्या ग्रामसभेने घेतले होते? चुकण्याची मुभा फक्त राजधानीलाच का? आम्हांला तज्ज्ञ नकोत असे नाही. त्यांनी माहिती द्यावी, परिणाम सांगावेत. भारांक मात्र त्यांनी बंद खोलीत ठरवू नयेत.

ही मागणी स्वप्नाळूही नाही. शहापूर तालुका संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात मोडतो. १९९६ च्या पेसा कायद्याने परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक संसाधने जपण्यास ग्रामसभा सक्षम मानली आहे. तेव्हा तक्ता भरण्यापूर्वी तो गावात, गावाच्या बोलीत वाचला जावा. ज्या तक्त्याला चावडीवर उभे राहता येत नाही, त्याला डोंगराचे मोल ठरवण्याचा अधिकार नाही.