बहुप्रेम : एका नव्या शब्दाचा विचार

अलीकडे आपल्या घरांतील तरुण मंडळींच्या बोलण्यात ‘पॉलिअॅमरी’ हा शब्द येऊ लागला आहे. तो कानी पडताच वडील माणसे एक तर कानांवर हात ठेवतात, किंवा ‘यात नवे ते काय? पूर्वी राजांस दोन-दोन राण्या असतच,’ असे म्हणून विषय मिटवतात. ही दोन्ही उत्तरे घाईची होत. जेथे तीन पिढ्या एका चुलीवर जेवतात, तेथे शब्दाचा अर्थ न कळताच वाद पेटला तर माणसे कायमची दुरावतात. म्हणून या महिन्यात त्या शब्दाचाच थोडा विचार करण्याचे योजिले आहे.

शब्दाचा पूर्वार्ध ग्रीक, अर्थ ‘अनेक’. उत्तरार्ध लॅटिन, अर्थ ‘प्रेम’. व्याकरणशुद्धीच्या अभिमान्यांस ही सोयरीक रुचणार नाही; तथापि १९९० नंतर अमेरिकेत तो रूढ झाला व २००६ साली ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशात त्यास स्थान मिळाले. आपण त्यास ‘बहुप्रेम’ म्हणू. एका व्यक्तीने एकाच काळी एकाहून अधिक व्यक्तींशी प्रेमसंबंध राखणे, आणि ही गोष्ट संबंधित सर्वांस ठाऊक असून सर्वांस मान्य असणे, ही त्याची व्याख्या. तिचा उत्तरार्ध गाळला की शिल्लक राहते ती निव्वळ प्रतारणा.

अशा संबंधांचे प्रकार अनेक आहेत. कोठे एका व्यक्तीचे दोघांशी नाते असते, पण त्या दोघांचे परस्परांशी काहीच नसते. कोठे तिघांचेही एकमेकांशी प्रेम असते. कोठे एक जोडपे मुख्य मानले जाते, घर व मुले त्यांची, आणि इतर नाती दुय्यम. कोठे चौघा-पाचांचे मंडळ आपसांतच निष्ठा पाळते व बाहेरच्यांस तेथे प्रवेश नसतो. कोणी आपले बिऱ्हाड एकट्याचेच ठेवून अनेक स्नेह सांभाळतात. बहुपत्नीत्व व बहुपतित्व या मात्र विवाहाच्या रूढी होत. त्यांत सर्वांची संमती असेच असे नाही. आपल्या पणज्यांच्या काळी घरात सवत आली, तेव्हा पहिलीस कोणी विचारले होते काय? तिने पदराने डोळे पुसून नवीचे औक्षण करावयाचे, एवढाच तिचा अधिकार. त्या प्रथेस बहुप्रेम म्हणणे हा त्या माउल्यांवर दुसरा अन्याय होईल.

आम्हां अचलपूरकरांस या विषयाचे एक उदाहरण घरबसल्या लाभले आहे. उत्तरेस सातपुड्यात चिखलदरा आहे. भीमाने कीचकास मारून तेथील दरीत लोटले, म्हणून तो कीचकदरा, अशी आपल्याकडील लोककथा. भीमाने जेथे हात धुतले ते भीमकुंडही तेथे दाखवितात. आता पाहा, सैरंध्रीच्या वेषातील द्रौपदी पाच पतींची पत्नी होती, तरी परंपरेने तिला प्रातःस्मरणीय मानले. आणि एकाच स्त्रीची अभिलाषा धरणारा कीचक मात्र वधास पात्र ठरला. कारण तिने स्पष्ट नाही म्हटले असता त्याने ते मानले नाही. दोघांच्या बाबतीत निवाडा संख्येवरून झालेला नाही, हे सुज्ञांनी ध्यानी घ्यावे.

परंतु द्रौपदीचा विवाह बहुप्रेमाचा नमुना म्हणून पुढे करणेही बरोबर नाही. आदिपर्वात त्या विवाहाची चर्चा सविस्तर आहे. द्रुपद शंका काढतो की, एका राजास अनेक राण्या असतात, पण एका स्त्रीस अनेक पती कोठे ऐकिले नाहीत. युधिष्ठिर जटिला गौतमीचा व वार्क्षीचा दाखला देतो. कुंती बोलते, व्यासही बोलतात. वधूस मात्र तेथे कोणीच विचारत नाही.

विवाहानंतरची कथा अधिक उद्बोधक आहे. नारदमुनी सुंद-उपसुंदांची गोष्ट सांगून भावांस सावध करतात, आणि पांडव नियम बांधतात : एक भाऊ द्रौपदीसह असता दुसऱ्याने तेथे गेल्यास त्याने वनवास पत्करावा. ब्राह्मणाच्या गाई सोडविण्यासाठी शस्त्रे घ्यावयास अर्जुनाने तो नियम मोडला, व धर्मराजाने क्षमा केली असताही तो वनात गेला. पुढे तो सुभद्रेस घेऊन परतला तेव्हा द्रौपदी रुसली. आणि महाप्रस्थानात सर्वांआधी ती पडली तेव्हा, अर्जुनाविषयी तिचा पक्षपात होता, हेच कारण युधिष्ठिराने सांगितले. अमेरिकेत ओनायडा येथे १८४८ साली स्थापन झालेल्या वसाहतीत सर्व स्त्रीपुरुष परस्परांचे पतिपत्नी मानले जात, व दोघांचा विशेष ओढा हा तेथे दोष समजला जाई. ती विवाहपद्धती १८७९ साली सोडून द्यावी लागली. प्रेम समभागांत वाटणे मनुष्यास कठीण आहे. बहुप्रेमात मोकळीक अधिक आणि बंधने कमी, असे समजणाऱ्यांनी हे विसरू नये. तेथे वेळेचा, वचनाचा व मत्सराचा हिशेब रोज मांडावा लागतो.

मराठीत अशा प्रश्नांची चर्चा आजचीच नव्हे. र. धों. कर्वे यांनी १९२७ च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. त्यातील ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखावरून १९३१ साली त्यांच्यावर खटला होऊन शंभर रुपये दंड झाला. त्यांची मते सर्वांस पटोत वा न पटोत, प्रश्न उघडपणे विचारल्याने समाज बुडाला नाही, एवढे खरे.

कायद्याची बाजूही स्पष्ट असावी. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहास १९४६ च्या कायद्याने बंदी झाली. आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात असल्याने येथे ती १८ मे १९५५ रोजी हिंदू विवाह कायद्याबरोबर आली. त्या कायद्याने पहिला विवाह कायम असता दुसरा रद्दबातल ठरतो. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ नुसार त्यास सात वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. अशा रद्दबातल विवाहातील संतती औरस मानली जाते. दुसरीस मात्र पत्नी म्हणून वारसा नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली व्यभिचाराचे फौजदारी कलम रद्द केले, तरी ते घटस्फोटाचे कारण आजही आहे. सारांश, विवाहाविना प्रौढांनी संमतीने ठेवलेला संबंध हा गुन्हा नाही. पण तिसऱ्या व्यक्तीस जोडीदार म्हणून कायद्याचा आधारही नाही.

तेव्हा घरातील कोणी असे नाते सांगावयास आला, तर त्यास दाराबाहेर काढण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्या. या नात्यातील प्रत्येकास सर्व ठाऊक आहे काय? ज्याचे घर व पोट दुसऱ्यावर अवलंबून आहे त्यास नाही म्हणण्याची खरोखर सोय आहे काय? आणि उद्या मूल झाले, आजार आला, वा एकजण निघून गेला, तर कोणाचे पालन कोण करणार? उत्तरे सरळ मिळाली तर मत भिन्न असूनही बोलणे चालू ठेवता येईल. विशेषतः लग्न झालेला मुलगा हा शब्द घेऊन आला, तर पहिला प्रश्न सुनेस विचारावा; तोही एकांतात, आणि तिच्या उत्तराची घाई न करता.