पिनकोड कळतो, मग आयपी का नाही?

मंडळी, आजचं लिखाण जरा तांत्रिक आहे आणि बरंचसं रागावलेलंही. (आत्या, कंटाळू नकोस, पुढे काटेवाडी येते.)

आमच्या भागातल्या नेटवर्किंगच्या क्लासांत अजूनही पहिला धडा कुठला? क्लास ए, बी, सी. पाठ करा, पेपरात लिहा, सर्टिफिकेट घ्या. अहो, ही वर्गवारी १९९३ सालीच मोडीत निघाली! तेव्हा सीआयडीआर आलं. पत्त्यातला नेटवर्कचा भाग कुठल्याही बिटवर तोडता येऊ लागला, आणि मास्कशिवाय नुसत्या पत्त्याला अर्थ उरला नाही. तरी आमची पोरं १९२ दिसलं की डोळे मिटून २५५.२५५.२५५.० लिहितात.

विचारलं तर सर म्हणतात, "गावाकडच्या मुलांना हे झेपत नाही." का नाही झेपत? पिनकोड झेपतोच ना! श्रीराम भिकाजी वेलणकरांची ती पद्धत १९७२ पासून चालू आहे. सोलापूर ४१३००१, बारामती ४१३१०२, इंदापूर ४१३१०६. आपला जिल्हा पुणे, पण पहिले तीन आकडे सोलापूरचे. टपाल जिल्ह्याची हद्द बघत नाही, वाट बघतं. नागपूरच्या माणसाला काटेवाडी कुठंय हे माहीत असायची गरजच नाही. ४१३ दिसलं, त्या पिशवीत टाकलं, पुढचं पुढचा बघेल. राउटर दुसरं काय करतो? आणि ४१३१०२ ची वेगळी पिशवी ठेवली असेल तर पत्र तिच्यातच जाणार. जास्त आकडे जुळतात ती वाट खरी. फरक एवढाच, की पिनकोड ठरलेल्या आकड्यांवर तुटतो, आयपी कुठेही. हे दहा मिनिटांत सांगून होतं.

न सांगितल्यानं काय होतं ते काटेवाडीतच पाहिलं. ओळखीच्या एका ऑफिसात प्रिंटर चालू, इंटरनेट बंद. संगणक १९२.१६८.१.१३०, प्रिंटर १४० वर, राउटर १ वर, आणि संगणकाचा मास्क कुणीतरी २५५.२५५.२५५.१२८ टाकलेला. म्हणजे त्या बिचाऱ्याचं शिवार १२८ पासून २५५ पर्यंतच! प्रिंटर शिवारात, राउटर बांधाच्या पलीकडे. दुरुस्तीला आलेला मुलगा हुशार, चार वर्षं हेच काम करतोय. त्यानं पत्ता वाचला, "क्लास सी आहे, बरोबर आहे" म्हणाला, आणि केबल बदलली. मग स्विच बदलला. मग "लाईनच गेलीय" सांगून निघाला.

मास्कमधला एक आकडा बदलायचा होता. केबल आणि स्विचचं बिल मात्र त्या ऑफिसनं भरलं.