नळाचे पाणी आणि वैद्याची वही

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय, जनपदोध्वंसनीय विमान, आपण सर्वांनी पदवीच्या अभ्यासक्रमात अभ्यासलेला आहे. काम्पिल्य नगरीजवळ, गंगातीरी, ग्रीष्माच्या अखेरीस शिष्यांसह फिरत असताना भगवान पुनर्वसु आत्रेय अग्निवेशाला सांगतात की, प्रकृती, आहार, बल, वय भिन्न असलेल्या माणसांनाही एकाच वेळी एकच व्याधी ग्रासू शकतो. कारण वायू, उदक, देश आणि काल हे चार भाव सर्वांना समान असतात. परीक्षेत या चार भावांवर हमखास प्रश्न येत असे व आपण तो उत्तम सोडवीत असू.

तथापि त्याच अध्यायातील पुढचा भाग आपल्या स्मरणातून बहुधा निसटलेला असतो. हे चार भाव मुळात बिघडतात कशामुळे, असे अग्निवेशाने विचारल्यावर आचार्यांनी ग्रहनक्षत्रांकडे बोट दाखविलेले नाही. देश, नगर, निगम व जनपद यांचे प्रमुख आपला धर्म सोडून वागू लागतात, त्यांचे आश्रित, नगरवासी आणि व्यवहारावर उपजीविका करणारे लोक त्या अधर्मात भर घालतात, असे त्यांचे उत्तर आहे. नगरप्रमुखांचा उल्लेख आपल्याला आवडतो, कारण दोष दुसऱ्यावर जातो. परंतु त्या यादीत नगरवासी आणि व्यवहारोपजीवीही आहेत. चिकित्सालय चालविणारा वैद्य आणि औषधालयाचा मालक या दोघांनाही त्या यादीतून स्वतःला वगळता येणार नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे.

आपला बीड जिल्हा पाण्याच्या बाबतीत सुदैवी कधीच नव्हता. बालाघाटाच्या डोंगरातून निघणारी बिंदुसरा बीड शहरातून वाहत सिंदफणेला मिळते. २३ जुलै १९८९ च्या महापुरात तिने याच शहरात हाहाकार माजविला. एरवी मात्र वर्षातील बराच काळ तिचे पात्र कोरडेच असते. निजामशाहीत, मुर्तझा निजामशहाच्या काळी, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात खजाना बावडी बांधविली. भूमिगत मार्गांनी पाणी आणून ते शेतीला पोहोचविणारी ही रचना दुष्काळातही आटत नाही, अशी तिची ख्याती आहे. आज बीड शहराची भिस्त माजलगाव धरण व पालीजवळील बिंदुसरा प्रकल्प यांवर आहे. २०१२-१३, २०१५-१६ व २०१८-१९ या दुष्काळी वर्षांत जिल्ह्यातील गावागावांनी टँकरच्या पाळ्या पाहिल्या. परंतु पाऊसमान बरे असलेल्या वर्षीही आपल्या नगरांत नळाला रोज पाणी सुटत नाही. काही दिवसांआड पाळी येते आणि पाणी आले की सारी गल्ली भांडी, पिंप, हौद भरून ठेवते.

पाण्याच्या तुटवड्याची चर्चा आपण पुष्कळ करतो. पाण्याच्या दुष्टीची चर्चा मात्र साथ आल्यावरच होते. या संदर्भात माझाच एक अनुभव सांगतो. त्यात माझी चूक आहे, म्हणूनच सांगतो.

काही वर्षांपूर्वी, जूनच्या मध्यावर पहिला पाऊस पडून गेल्यावर, माझ्या चिकित्सालयात एकाच गल्लीतून अतिसाराचे रुग्ण येऊ लागले. आठवड्यात चौदा रुग्ण झाले. वर्षा ऋतूचा आरंभ, अग्निमांद्य, असा विचार करून मी संजीवनी वटी, कुटजघन वटी, लाजमंड, क्षारसंजीवनी अशी योजना केली. सर्व रुग्ण बरे झाले व मी समाधानी झालो. जुलैच्या अखेरीस त्याच गल्लीतून कामलेचे रुग्ण येऊ लागले. दहा दिवसांत नऊ. आरोग्यवर्धिनी, फलत्रिकादि क्वाथ, पथ्य, विश्रांती. तेही सुधारू लागले. दहावी रुग्णा आठव्या महिन्याची गर्भिणी होती. ती आली तेव्हा तिला वारंवार छर्दी होत होती व तंद्रा दिसत होती. मी तिला तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठविले. बऱ्याच दिवसांनी ती घरी परत आली. बाळ वाचले नाही.

तिची सासू पुढे कधीतरी औषधासाठी आली असता तिने मला विचारले, "डॉक्टरसाहेब, हे पाण्याचंच होतं, हे तुम्हाला आधी कळलं नव्हतं का?" तिच्या स्वरात आरोप नव्हता. परंतु माझ्याजवळ उत्तर नव्हते. रात्री वही उघडून पाहिली. जूनमधील चौदा नावे व जुलैतील दहा नावे एकाच गल्लीची होती आणि त्यांतील कित्येक घरे तीच होती. दुसऱ्या दिवशी समोरच्या औषधविक्रेत्यास विचारले. तो म्हणाला, "वैद्यराज, ओआरएसची पेटी मला महिनाभर पुरते. जूनमधल्या त्या आठवड्यात दोन गेल्या. मला वाटलं, तुमच्या ध्यानात आलंच असेल." त्याला वाटले मला ठाऊक आहे, मला वाटले नगरपरिषदेला ठाऊक आहे, आणि नगरपरिषदेला कोणी काही कळविलेलेच नव्हते.

मी वही घेऊन नगरपरिषदेच्या कार्यालयात गेलो. प्रथम "अर्ज करा" असे उत्तर मिळाले. अर्ज केला. तिसऱ्या दिवशी माणसे आली. गल्लीच्या तोंडाशी जलवाहिनी गटारातून गेलेली होती व तिचा जोड झिरपत होता. दुरुस्तीस अर्धा दिवस लागला. जूनमध्ये हाच अर्धा दिवस खर्ची पडला असता तर काय झाले असते, हा विचार आजही माझी पाठ सोडत नाही.

यातील कार्यकारणभाव नीट समजून घेणे आवश्यक आहे. नळ चोवीस तास दाबाने वाहत असेल तर फुटक्या जोडातून पाणी बाहेर जाते. बाहेरचे आत येत नाही. पुरवठा बंद होऊन वाहिनी रिकामी झाली की आत पोकळी निर्माण होते आणि जोडालगतचे गटाराचे पाणी आत ओढले जाते. घरोघरी थेट नळाला लावलेल्या विद्युत मोटारी हे ओढणे आणखी वाढवितात. दाब कमी म्हणून जमिनीखाली खड्डा करून बसविलेले नळ, आणि त्या खड्ड्यात साचणारे सांडपाणी, हाही एक मार्ग. म्हणून काही दिवसांआड येणाऱ्या पाण्याचा पहिला लोंढा सर्वांत धोक्याचा.

दुसरी गोष्ट काळाची. मैला मिसळलेले पाणी प्यायल्यावर अतिसार बहुधा काही तासांत वा थोड्या दिवसांत होतो. पाण्यातून पसरणारी 'ई' प्रकारची कावीळ मात्र दोन ते दहा आठवड्यांनी, सरासरी पाच-सहा आठवड्यांनी प्रकट होते. यातील बहुसंख्य रुग्ण विश्रांती व पथ्याने बरे होतात. त्याचे सर्व श्रेय आपण आपल्या क्वाथाला देऊ नये. परंतु गर्भिणीस, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, हाच व्याधी प्राणघातक ठरतो. म्हणजेच अतिसाराचा आठवडा हे पूर्वरूप आहे. कावीळ दिसते तेव्हा दूषित पाणी पिऊन महिना उलटून गेलेला असतो. आणि पूर्वरूप प्रथम कोणास दिसते? सरकारी रुग्णालयात साधा अतिसाराचा रुग्ण फारसा जात नाही. तो गल्लीतील वैद्याकडे येतो, किंवा थेट औषधाच्या दुकानातून पुडी घेऊन जातो. नगराच्या पाण्याची पहिली वार्ता आपल्या वहीत आणि औषधालयाच्या विक्रीत उमटते, आणि तेथेच पडून राहते.

वैद्याने नगरसंस्थेच्या दारी जाण्याची परंपरा वैद्यकाच्या इतिहासात नवी नाही. १८५४ साली लंडनच्या सोहो भागात पटकीची साथ आली असता जॉन स्नो या चिकित्सकाने मृत्यू झालेल्या घरांची नोंद केली, ती एका सार्वजनिक पंपाभोवती एकवटली असल्याचे पाहिले आणि स्थानिक मंडळापुढे जाऊन पंपाचा दांडा काढावयास लावला. कॉख यांचे पटकीच्या जंतूवरील संशोधन त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी आले. आपल्याच राज्यात इचलकरंजीला २०१२ साली काविळीची मोठी साथ आली होती. तीही दूषित पाण्यामुळेच. हे प्रश्न महानगरांपुरते मर्यादित नाहीत.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने घटनेत बारावी अनुसूची आली. तीत पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता हे विषय नगरसंस्थांच्या कार्यात नोंदविलेले आहेत. आपल्यावरील जबाबदारीही कागदावर आलेली आहे. क्षयरोगाच्या रुग्णाची माहिती शासनास कळविणे २०१२ पासून चिकित्सकांवर बंधनकारक आहे आणि २०१८ च्या अधिसूचनेने औषधविक्रेत्यांनाही त्यात आणले. क्षयाबाबत जे आपण कायद्याने करतो, ते पाण्याबाबत धर्म म्हणून करण्यास काय हरकत आहे?

हरकती आहेत, आणि त्या मी स्वतःही घेतलेल्या आहेत. पहिली अशी की, नगरपरिषद ऐकत नाही. हे काही अंशी खरे आहे. तोंडी तक्रार विरून जाते. परंतु तारीख, गल्ली व संख्या असलेला कागद आवकेत नोंदवून त्याची पोच घेतली की तो सहजासहजी बाजूला टाकता येत नाही. दुसरी हरकत राजकारणाची. प्रभागाचे सदस्य आपले रुग्ण असतात, त्यांना राग येईल. माझा अनुभव असा की, गल्लीचा आकडा हाती पडला तर तोच आकडा घेऊन सदस्य कार्यालयात भांडू शकतो. डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातील नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या. त्यापूर्वी दीर्घकाळ कारभार प्रशासकांकडे होता व नागरिकाने कोणाकडे जावे हाच प्रश्न होता. आता जाण्यास दार आहे. तिसरी हरकत अशी की, कागद दिला तर उलट आपल्याच चिकित्सालयाची चौकशी होईल. ज्याची नोंदणी व नोंदवही व्यवस्थित आहे त्याने भिण्याचे कारण नाही. ज्याची नाही, त्याने ती आधी व्यवस्थित करावी. चौथी हरकत कोणी बोलून दाखवीत नाही. साथीच्या दिवसांत चिकित्सालय व दुकान भरलेले असते. त्याविषयी मी अधिक लिहीत नाही. प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा.

आपल्या संघटनेच्या शाखा मोफत शिबिरे, सुवर्णप्राशन, धन्वंतरी जयंतीचे सत्कार असे उपक्रम उत्साहाने करतात. ते अवश्य व्हावेत. परंतु समाजाभिमुख कार्य म्हणून त्यांच्या निम्मे श्रम पुढील कामास द्यावेत, अशी माझी विनंती आहे.

१. रुग्णनोंदवहीत दोन रकाने वाढवावेत : गल्ली वा प्रभाग, आणि पिण्याचे पाणी कोणते (नळ, बोअर, टँकर, जार).

२. एका गल्लीतून आठवड्यात अतिसाराचे तीन किंवा कामलेचे दोन रुग्ण आल्यास त्याच दिवशी लेखी कळवावे. ही मर्यादा माझ्या व्यवहारातील आहे. अनुभवाने ती बदलावी.

३. औषधालयांनी ओआरएस व अतिसारावरील औषधांची साप्ताहिक विक्री एका ओळीत लिहून ठेवावी. एरवीपेक्षा ती दुप्पट झाली की शेजारच्या वैद्यास सांगावे.

४. पत्र एका पानाचे असावे. रुग्णांची नावे देऊ नयेत. दिनांक, गल्ली, संख्या, वयोगट, पाण्याचा स्रोत एवढेच लिहावे. कोणावर ठपका ठेवू नये. मूळ प्रत मुख्याधिकाऱ्यांना, दुसरी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना द्यावी.

५. प्रत्येक शाखेने पाण्यातील क्लोरीन पाहण्याची ओटी चाचणीची पेटी ठेवावी. नळाच्या तोंडाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शेष क्लोरीन अपेक्षित आहे. पिवळी छटा न दिसल्यास तेवढेच पत्रात लिहावे. प्रभागनिहाय नोंदी फलकावर लावण्याची मागणीही शाखेने करावी. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अशी माहिती संस्थेने स्वतःहून प्रसिद्ध करणे अपेक्षितच आहे.

६. रुग्णास औषध देतानाच पाणी उकळण्यास, नळाचा पहिला लोंढा सोडून देण्यास व मोटार थेट नळाला न लावण्यास सांगावे. सुश्रुताचार्यांनी गढूळ पाण्यासाठी निर्मळी, वस्त्र इत्यादी उपाय सांगितले, तसेच अग्नीवर तापविणेही सांगितले आहे. निर्मळीने गढूळपणा खाली बसतो. जंतूंसाठी उकळणेच हवे.

७. कामला झालेली गर्भिणी, तसेच तंद्रा, सतत छर्दी वा रक्तस्राव असलेला कोणताही रुग्ण स्वतःकडे ठेवू नये.

यांपैकी एकाही गोष्टीस निधी लागत नाही, मंडप लागत नाही. ओटीच्या पेटीचा खर्च शाखेस सहज परवडेल.

असो. परळीच्या वैद्यनाथाविषयी आपल्याकडे अशी श्रद्धा आहे की, समुद्रमंथनानंतर अमृत व धन्वंतरी त्या लिंगात लपविले गेले. ज्या जिल्ह्यात धन्वंतरीचे असे स्थान मानले जाते, तेथील वैद्यांनी निदान आपल्या गल्लीच्या नळाची खबर ठेवावी, एवढीच अपेक्षा आहे. येत्या पावसाळ्यात जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांच्या नोंदी ज्या वैद्यबंधू-भगिनी व औषधालय चालकांकडे होतील, त्यांनी त्या आपल्या शाखेच्या बैठकीत मांडाव्यात. माझी वही मी घेऊन येईन. त्या वर्षीच्या जूनचे पानही त्यात असेल.