मनीसाठी एक पान

स्मरणिकेत कोणाला स्थान द्यावे, याचे काही संकेत ठरून गेलेले असतात. संस्थापक, देणगीदार, गुणवंत विद्यार्थी, निवृत्त शिक्षक यांची छायाचित्रे येतात आणि ती यायलाच हवीत. परंतु आपल्या वसतिगृहात नऊ वर्षे वावरलेल्या मनीलाही या अंकात एक पान मिळावे, असा माझा आग्रह आहे. या आग्रहामागे केवळ जिव्हाळा नाही. मनी गेल्यानंतर वसतिगृहात पुन्हा प्राणी ठेवावा की नाही, हा प्रश्न पालकसभेत निघाला आणि अनिर्णित राहिला. निवृत्त गृहपाल या नात्याने माझे मत असे की, ठेवावा.

मनीला कोणी आणले नव्हते. एका पावसाळ्यात ती कोठीघराच्या पायरीवर येऊन बसली आणि तिथलीच झाली. जिथे धान्याची पोती तिथे उंदीर, आणि जिथे उंदीर तिथे मांजर, हा संबंध फार पुरातन आहे. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी मांजराचाही सांगाडा सापडला आहे. आमच्या कोठीत ज्वारी-तांदळाची नासधूस थांबली, तेव्हा स्वयंपाकघरातील मावशींनी तिला नाव दिले आणि मुलांनी घर दिले.

पाचवीत दाखल होणारे मूल दहा वर्षांचे असते. पहिल्या पंधरवड्यात रात्री उशीत तोंड खुपसून हुंदके देणारी मुले मी दरवर्षी पाहिली. आपण मोठ्यांनी जवळ जाऊन ‘रडू नकोस’ म्हटले की मूल रडणे आवरते; दुःख मात्र आतच राहते. मनीपुढे काहीच आवरावे लागत नसे. ती पायथ्याशी येऊन अंगाचे मुटकुळे करी आणि घुरघुरत राही. आईची आठवण तिने घालवली असे मी म्हणणार नाही. ती आठवण सोसायला एक सोबत दिली, एवढे निश्चित.

मांजर कुत्र्यासारखे हाकेसरशी येत नाही. धरून ओढले की निसटते; शांत बसले की आपण होऊन मांडीवर येते. दांडगाईने वागणाऱ्या कित्येक मुलांना ‘समोरच्याची इच्छा’ म्हणजे काय, हे मनीने एका ओरखड्यात समजावले. तिच्या अन्नपाण्याची पाळी फळ्यावर लिहिलेली असे. पाळी चुकली तर ती कार्यालयाच्या दारात बसून राही. मग कोणाला शिक्षा करण्याची गरज उरत नसे. प्रेमाला माहितीची जोड लागते, हेही मुले शिकली. मांजर म्हणजे दूध, अशी आपली समजूत. परंतु बहुतेक प्रौढ मांजरांना गाईचे दूध नीट पचत नाही, हे पशुवैद्यांनी सांगितल्यावर मुलांनी वाटी बदलली.

एकदा सायंकाळच्या वंदनेनंतर सहावीतील एका मुलाने विचारले, “गुरुजी, आपण प्राणिहत्येपासून दूर राहण्याचे शील घेतो. मनी तर रोज उंदीर मारते. मग ती वाईट का?” त्या संध्याकाळी ठरलेले प्रवचन बाजूला राहिले. शीलाचा संबंध चेतनेशी, म्हणजे हेतूशी आहे. मांजराला भूक आहे, पर्याय नाही. माणसाला पर्याय आहे, म्हणून जबाबदारीही आहे, इथपर्यंत मुले स्वतःच चर्चा करीत पोहोचली. मांजर आडवे गेले की काम बिघडते, ही समजूत घेऊन आलेल्या मुलांपुढून मनी परीक्षेच्या सकाळीही दहा वेळा आडवी जाई. निकाल अभ्यासाप्रमाणेच लागत. अंधश्रद्धेवरील कोणत्याही व्याख्यानापेक्षा हा पुरावा अधिक बोलका होता.

गेल्या हिवाळ्यात तिचे खाणे सुटले. म्हाताऱ्या मांजरांमध्ये मूत्रपिंडाचा विकार पुष्कळदा आढळतो. तिलाही तोच झाला होता. उपचार झाले, तरी ती गेली. मुलांनी कडुनिंबाखाली खड्डा खणला. त्या वेळी भेटीस आलेले एक गृहस्थ म्हणाले, “मांजरासाठी कसले एवढे रडणे?” माझा खरा मतभेद या वाक्याशी आहे.

किसा गौतमीची कथा आपण मुलांना सांगतो. मृत बाळाला कवटाळून आलेल्या त्या मातेला भगवंतांनी ‘रडू नकोस’ असे म्हटले नाही. ज्या घरात कोणी मेले नाही तेथून मोहरी आणण्यास पाठवले आणि दारोदार फिरताना तिला इतरांचे दुःख भेटले. अनित्यता ही अशी अनुभवातून समजते. मनीच्या खड्ड्याभोवती उभ्या असलेल्या मुलांपैकी एकाने आजोबांच्या मरणाविषयी, दुसऱ्याने धाकट्या बहिणीविषयी प्रथमच तोंड उघडले. लहान दुःखाला हसणारे घर मोठ्या दुःखाच्या वेळी मुलाचा विश्वास गमावून बसते.

जपानमध्ये महापरिनिर्वाणाच्या चित्रांत शोकाकुल पशुपक्षी दाखवतात, पण मांजर सहसा नसते; लोककथेने तिला त्या प्रसंगातून वगळले आहे. मात्र क्योतोच्या तोफुकुजी विहारातील १४०८ सालच्या भव्य चित्रात मिन्चो या भिक्षू-चित्रकाराने मांजरालाही जागा दिली. करुणेच्या वर्तुळातून कोणाला वगळायचे नाही, हा विचार त्या एका लहान आकृतीत मला दिसतो.

पालकांचे आक्षेप मात्र गैर नाहीत. रेबीजची भीती खरी आहे, काही मुलांना केसांची ॲलर्जी असते, खर्चही होतो. म्हणून माझी सूचना नियमांसह आहे. एकच मांजर ठेवावे. त्याचे लसीकरण व नसबंदी वेळेवर करावी. स्वयंपाकघर आणि ॲलर्जी असलेल्या मुलांची खोली त्याला बंद असावी. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन मुलाला लगेच दवाखान्यात न्यावे, हे प्रत्येकाला पाठ असावे. खर्चाचा वाटा उचलण्याची तयारी माजी विद्यार्थ्यांपैकी काहींनी दाखवली आहे.

येत्या जूनमध्ये नवी मुले येतील. त्यांच्यासाठी आपण पलंग, पुस्तके, गणवेश यांची तजवीज करीत आहोतच. पुढील पालकसभेत हा विषय पुन्हा यावा, आणि त्या सभेला वसतिगृहातील दोन मुलांनाही बोलू द्यावे, एवढीच विनंती आहे.